गळ्यात माळ आहे, मग हातून असं का होतं?

मागच्या अंकात याच पानावर नवस फेडण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं, मेल आणि व्हॉट्सॲप आले त्यातले बरेचसे फिरून फिरून एकाच ठिकाणी येत होते, की देव शिक्षा करतो यावर ज्यांचा मनापासून विश्वास आहे ती माणसं वाईट वागतातच कशी. त्यातली चार पत्रं घेतलीत, नावं-गावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : ताई, माझे मोठे मामा माळकरी आहेत. आषाढीला पायी जातात, एकादशी चुकवत नाहीत, घरात रोज हरिपाठ असतो. आजोबा गेले तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मामांनी माझ्या आईला आणि दोन्ही मावश्यांना तालुक्याला नेलं, वारसनोंदीला सह्या लागतात म्हणाले. आता दोन वर्षांनी कळलं की ते हक्कसोडपत्र होतं. मध्यंतरी थोडी जमीन रस्त्यात गेली आणि मोबदला एकट्या मामांच्या खात्यात आला. आईने विचारलं तर म्हणाले, "माझा पांडुरंग बघतोय, मी कुणाचा एक रुपया खाल्लेला नाही." आई रडली आणि गप्प बसली. या माणसाला देवाची भीती वाटत नाही का? की वारी नुसतं ढोंग आहे? आणि आईने आता करायचं काय?
— एक भाची, सातारा जिल्हा

उत्तर : आधी ढोंगाचं बोलू, कारण तेच तुम्हाला जास्त टोचतंय असं पत्रावरून वाटतं. मला नाही वाटत मामा ढोंगी आहेत. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालणं, दिवे घाट चढणं, पावसात तंबूत झोपणं, हे वर्षानुवर्षं कुणी नुसतं लोकांना दाखवायला करत नाही. त्यांचं विठ्ठलावर प्रेम असणार, भीतीही असणार, आणि तरी त्यांनी सख्ख्या बहिणींना फसवलंय. दोन्ही गोष्टी एकाच माणसात खऱ्या आहेत. हे पचायला जड जातं म्हणून आपण पटकन म्हणून टाकतो की श्रद्धाच खोटी असणार, पण तसं म्हटलं की प्रश्न सुटत नाही, तो फक्त आपल्या डोळ्यांसमोरून जातो.

मला वाटतं होतं असं, की पाप म्हणजे काय याची एक यादी प्रत्येकाच्या डोक्यात लहानपणीच तयार होते आणि त्या यादीत जे नाही त्याला देवाची भीती लागूच होत नाही. माळकरी घरातला मुलगा काय ऐकत मोठा होतो, मटण खायचं नाही, दारूला शिवायचं नाही, एकादशी मोडायची नाही, परस्त्री आईसमान, कुणाच्या रानातली पेंढी उचलायची नाही. बहिणीचा हिस्सा हा विषय त्यात कधी आलेलाच नसतो. वडिलांनी आत्यांना दिला नव्हता, आजोबांनी दिला नव्हता, भावकीत कुणीच दिलेला नाही, उलट ज्याने दिला त्याला गाव येडा म्हणालं असेल. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत मुलासारखा हक्क दिला, केंद्राने २००५ साली दिला, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलं की हा हक्क जन्माने येतो, २००५ साली वडील हयात होते की नव्हते याने काही फरक पडत नाही. पण हे सगळं मुंबई-दिल्लीत झालं. कीर्तनात कुणी उभं राहून सांगितलं का, की बाबांनो बहिणीचा हिस्सा दाबणं म्हणजे चोरी आहे? अपवाद असतील, मी मात्र फार कमी वेळा ऐकलंय, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण तिथून सांगितलं असतं तर तुमच्या मामांसारख्या माणसाने ते ऐकलं असतं.

आणि यादीत नसलेली गोष्ट करताना मन रिकामं बसत नाही, ते कारणं गोळा करतं. बहिणींची लग्नं मी लावून दिली, बाळंतपणं इथेच झाली, भाऊबीजेची साडी कधी चुकवली नाही, म्हाताऱ्याची शेवटची दोन वर्षं मी आणि माझ्या बायकोने काढली, ह्या चार दिवस यायच्या आणि जायच्या. यातलं एकूण एक वाक्य खरं असेल! म्हणून तर ते इतकं घट्ट बसतं. तेव्हा "माझा पांडुरंग बघतोय" हे मामा खोटं म्हणाले असं मला वाटत नाही, त्यांना मनापासून वाटतंय की पांडुरंग त्यांच्या बाजूने बघतोय.

पण एका जागी मला त्यांना धरावंसं वाटतं. त्यांनी कागदाचं नाव सांगितलं नाही. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात कसं चालतं ते तुम्ही बघितलं असेल तर आठवा, बायका बाकड्यावर पदर सावरून बसलेल्या असतात, एजंट पानं उलटत बोट ठेवत जातो, इथे करा, इथे, आता इथे, मग एकेकीला कॅमेऱ्यासमोर बसवतात, अंगठा मशीनवर दाबून घेतात, साहेब विचारतात मान्य आहे ना, आणि भाऊ शेजारी उभा असताना बाई मान हलवते. पाच-दहा मिनिटांचं काम. मामांना जर खरंच हे न्यायाचं वाटत होतं तर ते घरीच म्हणाले असते की अक्का, तुझा हिस्सा मला सोड, मी आईबापाचं केलंय. बऱ्याच बहिणी अशा मागण्याला होही म्हणतात. वारसनोंद असं सांगावं लागलं म्हणजे आत कुठेतरी ठाऊक होतं. आणि त्या क्षणी त्यांना भीती कसली वाटली बघा, तर बहीण नाही म्हणेल याची, देव काय म्हणेल याची नाही, कारण बहीण समोर होती आणि देवाचा निकाल कधीतरी मेल्यानंतर लागणार होता.

हे लांबच्या शिक्षेचं प्रकरण फार जुनं आहे आणि गंमत म्हणजे ते जमिनीशीच जोडलेलं आहे. कोकणात आणि घाटावर गद्धेगाळ म्हणून दगड सापडतात. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा लेख, आणि खाली गाढव आणि बाई यांचं असं शिल्प की पोराबाळांना दाखवताना लाज वाटावी. अर्थ असा की जो कुणी ही दान दिलेली जमीन बळकावेल त्याच्या आईची ही गत होवो. अलिबागजवळ आक्षीला असा दगड आहे, शके ९३४ चा म्हणजे इ.स. १०१२ चा, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांमध्ये तो धरतात. म्हणजे आपल्या भाषेतलं जे अगदी सुरुवातीचं लेखन हाती आहे त्यात जमीन लाटणाऱ्याला घातलेली शिवी आहे. ताम्रपटांमध्ये तर शेवटी ठरलेला संस्कृत श्लोकच असायचा, जमीन देणारा साठ हजार वर्षं स्वर्गात राहतो, आणि ती हिसकावणारा आणि त्याला संमती देणारा तितकीच वर्षं नरकात. संमती देणारासुद्धा, हे लक्षात घ्या, म्हणजे साक्षीदार म्हणून सही करणारे भावकीतले दोघं पण आले त्यात.

आता विचार करा, ज्या काळात नरकावर कुणाचा संशय नव्हता त्या काळात हे प्रत्येक दानपत्रावर पुन्हा पुन्हा लिहावं का लागत होतं? कारण लोक जमिनी लाटत होते. देणाऱ्या राजालाच खात्री नव्हती की आपले नातू-पणतू हे पाळतील. आणि त्याहून पुढची गोष्ट, बनावट ताम्रपटही पुष्कळ सापडलेत, जुन्या शास्त्रग्रंथांत खोटं राजशासन तयार करणाऱ्याला देहदंड सांगितलाय तो उगीच नाही. कुणीतरी शांतपणे बसून, साठ हजार वर्षं नरकाचा श्लोक स्वतःच्या हाताने कोरून, त्याच पत्र्यावर दुसऱ्याचं गाव आपल्या नावावर केलंय. त्या माणसाचा नरकावर विश्वास नव्हता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याचाही असणार, त्याच्या शेजाऱ्यांचा तर होताच, नाहीतर त्या श्लोकाचा बनावट कागदाला उपयोग काय होता?

आपल्या जुन्या लोकांना ही गोची कळलेली होती. मराठेशाहीत वतनाचे, हद्दीचे तंटे कागद-साक्षीने मिटले नाहीत की दिव्य करायला लावायचे. रवादिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा बोटांनी काढायचा, मग हाताला पिशवी बांधून वर मोहोर करायची आणि दोन-तीन दिवसांनी सगळ्यांसमोर उघडून बघायचं भाजलंय का. जेजुरीच्या खंडोबाचा बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची पद्धत तर अजून आहे. दिव्याचं मी समर्थन अजिबात करत नाही, अघोरीच प्रकार होता तो, पण त्यामागचा हिशोब बघा, देवाची शिक्षा मेल्यानंतरच्या नरकातून उचलून या आठवड्यात आणि गावासमोर आणून ठेवायची. इटलीच्या बेकारिया या विचारवंताने १७६४ मध्ये कायद्याच्या शिक्षेबद्दल हेच मांडलं, की शिक्षा किती भयंकर आहे यापेक्षा ती नक्की होणार का आणि लवकर होणार का यावर माणूस थांबतो. कुंभीपाक नरक कितीही भयंकर असू दे, तो पुढच्या जन्मावर आहे आणि रस्त्याचा चेक या महिन्यात आहे.

आता आईचं. देव मामांना शिक्षा करेल या आशेवर बसू नका, माझी कळकळीची विनंती आहे. हक्कसोडपत्राची नक्कल दुय्यम निबंधक ऑफिसमधून काढा, फेरफार आणि सातबाऱ्याचा उतारा घ्या, इतर हक्कांच्या रकान्यात बहिणींची नावं होती का आणि कुठल्या फेरफाराने उडाली ते बघा, मोबदला कुणाच्या नावाने मंजूर झाला त्याची नक्कल प्रांत ऑफिसला मागा. फसवून सही घेतली असेल तर दस्त रद्द करायला दिवाणी कोर्टात जाता येतं, पण त्याला मुदत आहे, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं, त्यामुळे "बघू दिवाळीनंतर" असं करू नका. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि कोर्टाच्या आधी एकदा तिघी बहिणींनी मिळून मामांसमोर बसा. भांडायला नाही, फक्त एवढं विचारायला की दादा, त्या दिवशी तू आम्हाला कागदाचं खरं नाव का सांगितलं नाहीस. बाकी लग्न, साड्या, बाळंतपणं काहीही निघालं तरी या एका प्रश्नावरून हलू नका, आणि मामी समोर असू द्या, तिलाही भाऊ असतील आणि तिनेही कुठेतरी सही केलेली असेल.

प्रश्न : आमच्या घरी आजी मुलांना सारखी भीती घालते, खोटं बोललास तर देव जीभ कापेल, चोरलंस तर हात झडेल. बायकोला हे अजिबात आवडत नाही. मला वाटतं थोडी भीती हवीच. देवाच्या भीतीचा खरंच काही उपयोग होतो का?
— एक बाबा, नाशिक

उत्तर : होतो, पण आजींना वाटतो तसा नाही.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया युनिव्हर्सिटीत शरीफ आणि नोरेंझायन या दोघांनी विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरवर गणितं दिली आणि सांगितलं की प्रोग्रॅममध्ये गडबड आहे, स्पेसबार दाबला नाही तर उत्तर आपोआप स्क्रीनवर येईल, तेवढं दाबा. कोण प्रामाणिकपणे दाबतंय हे गुपचूप नोंदलं जात होतं. २०११ साली त्यांनी निष्कर्ष छापले. देव मानणारे आणि न मानणारे यांच्यात कॉपी करण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही, पण मानणाऱ्यांमध्ये ज्यांचा देव कडक, शिक्षा करणारा होता त्यांनी कमी कॉपी केली आणि ज्यांचा देव प्रेमळ, माफ करणारा होता त्यांनी जास्त. म्हणजे आजींचा मुद्दा पूर्ण टाकाऊ नाही. पण ही कॉपी होती काही मिनिटांची, एका खोलीतली, आणि पणाला फार काही नव्हतं.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो मोरोक्कोतला अभ्यास. मराकेशच्या जुन्या बाजारातल्या दुकानदारांना पैशाचे काही पर्याय दिले, स्वतःला जास्त ठेवायचं की दानाला जास्त जाऊ द्यायचं. अजान कानावर पडत असताना विचारलं तर ते जास्त उदार होते, एरवी कमी. माणसं तीच, धर्म तोच, दुकान तेच. श्रद्धा माणसात कायम असते पण ती सतत जागी नसते, आणि मोहाची वेळ देव्हाऱ्यासमोर येत नाही, ती काउंटरवर येते, टेबलाखाली येते, रात्री एकट्याने मोबाईल हातात असताना येते.

अमेरिकेत प्रिन्स्टनला १९७३ साली एक प्रयोग छापून आला. धर्मगुरू व्हायला शिकणारी चाळीस मुलं होती. त्यांना एका इमारतीतून दुसरीत भाषण द्यायला पाठवलं, काहींच्या भाषणाचा विषय तर वाटेत पडलेल्या जखमी परक्या माणसाला मदत करणारा तो बायबलमधला भला शोमरोनीच होता. वाटेत एक माणूस दारात वाकून खोकत, कण्हत बसवलेला. ज्यांना सांगितलं होतं की वेळ आहे, त्यांच्यातले शंभरात ६३ थांबले. ज्यांना सांगितलं की उशीर झालाय पळा, त्यांच्यातले शंभरात फक्त १०. भाषणाचा विषय कुठला होता याने म्हणावा असा फरक पडला नाही. मदतीवर प्रवचन द्यायला निघालेली मुलं मदत न करता गेली, आणि ती वाईट मुलं नव्हती हो, घाईत होती.

आणि मोठा मोह असेल तर काय होतं ते आपल्या नागपुरातच घडलंय. हॅन्सी क्रोनिए, दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन, उघडपणे धार्मिक माणूस, येशू माझ्या जागी असता तर काय करता असा प्रश्न विचारणाऱ्या अक्षरांचं ब्रेसलेट मनगटात घालायचा. १९ मार्च २००० ला नागपूरच्या वनडेआधी याच माणसाने हर्शेल गिब्जला वीसच्या आत आऊट होण्यासाठी आणि हेन्री विल्यम्सला पन्नासच्या वर रन देण्यासाठी प्रत्येकी पंधरा हजार डॉलरची ऑफर दिली. दोघं हो म्हणाले. मग गिब्जने प्रत्यक्षात ७४ ठोकल्या आणि विल्यम्सचा खांदा दुखावला, त्यामुळे झालं काहीच नाही, पण विचारणं झालं होतं. ७ एप्रिलला दिल्ली पोलिसांनी त्याचं बुकीशी फोनवर झालेलं संभाषण उघड केलं, क्रोनिएने आधी साफ नाही म्हटलं, आणि चार दिवसांनी पहाटे तीनच्या सुमाराला त्यांच्या क्रिकेट बोर्डाच्या अली बाकरना फोन करून कबूल केलं की मी पूर्ण खरं बोललो नव्हतो. त्याआधी तो आपल्या पाद्रीशी बोलला होता. नंतर या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या किंग कमिशनसमोर त्याने सांगितलं की मला पैशाचं दुर्दैवी प्रेम आहे.

या प्रकरणात मला दोन गोष्टी दिसतात. हातावरच्या ब्रेसलेटने त्याला थांबवलं नाही, आणि थांबवलं ते टॅप झालेल्या फोनने. पण बोलतं केलं ते मात्र बहुतेक श्रद्धेने, कारण त्या रात्री नुसत्या पोलिसांच्या भीतीने माणूस वकिलाला फोन करतो. म्हणून श्रद्धेचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही, ती बऱ्याचदा पाप होताना हात धरत नाही पण झाल्यावर झोपू देत नाही, आणि ज्याला झोप येत नाही त्याच्याकडून पुढचं काहीतरी करून घेता येतं.

तर नातवंडांना जीभ कापायचं सांगू नका. दोन-तीन वेळा खोटं बोलून जीभ जागेवर आहे हे कळलं की मुलं हुशार असतात, त्यांचा देवावरचाही विश्वास उडतो आणि आजीवरचाही. त्याऐवजी आजींना सांगा की पोराने बहिणीचं चॉकलेट खाल्लं तर देवाची माफी मागायला देव्हाऱ्याकडे पाठवू नका, आधी बहिणीकडे पाठवा. मग दोघांनी मिळून देवाला नमस्कार करायला काहीच हरकत नाही.

प्रश्न : देवाची भीती असून इतकं होतं, मग नास्तिकांना तर कसलीच भीती नाही. ते जास्त पाप करत असतील ना?
— पुणे

उत्तर : नाही, तसं काही दिसत नाही. डेन्मार्कमध्ये चर्चला नियमित जाणारे लोक फारच थोडे आहेत आणि भ्रष्टाचार कमी असलेल्या देशांच्या यादीत तो देश वर्षानुवर्षं अगदी वर असतो. आता तो नास्तिक आहे म्हणून स्वच्छ आहे असंही मी म्हणत नाही, तिथे पगार नीट आहेत, हिशोब उघडे आहेत, तक्रार केली तर कुणीतरी ऐकतं. पण देवाची भीती गेली की समाज कोसळतो ही समजूत तरी टिकत नाही. माझ्या ओळखीतले देव न मानणारे लोक मला सरासरी तितकेच चांगले आणि तितकेच स्वार्थी वाटतात जितके मानणारे. त्यांच्यातही यादीत नसलेल्या गोष्टी असतात, कामवालीचा पगार कापणं वगैरे, तिथे देव नसतो आणि विवेकवादही नसतो.

प्रश्न : हे पत्र लिहायला फार दिवस घेतले. माझं किराणा दुकान आहे, वडिलांपासूनचं. काट्यात थोडं इकडे-तिकडे करणं आमच्याकडे पहिल्यापासून होतं, किलोला चाळीस-पन्नास ग्रॅम. सगळेच करतात असं वडील म्हणायचे. मी देव मानतो, गुरुवार करतो, पालखी आली की दरवर्षी आमच्याकडून अन्नदान असतं. पण हल्ली मुलगा दुकानात बसतो आणि त्यालाही मी तेच शिकवलंय हे डोक्यातून जात नाही. अन्नदान वाढवलं तर फिटेल का हे?
— एक दुकानदार, सोलापूर जिल्हा

उत्तर : दादा, तुमच्या पत्राने मी बराच वेळ गप्प बसून राहिले. इतकं सरळ कुणी लिहीत नाही.

अन्नदान वाढवून फिटणार नाही. अन्नदान चांगलंच आहे, बंद करू नका, पण त्या पंगतीत जेवणारा वारकरी वेगळा आणि ज्या बाईने आठवड्याची तूरडाळ तुमच्याकडून नेली ती वेगळी. तिचे पन्नास ग्रॅम तिच्या डब्यात गेलेच नाहीत.

देवाकडे परस्पर हिशोब मिटवायचा हा मोह फार मोठा आहे आणि तो फक्त आपल्याकडचा नाही. जर्मनीत पाचशे वर्षांपूर्वी योहान टेट्झेल नावाचा धर्मगुरू गावोगाव पापमाफीची पत्रं विकत फिरायचा, त्यातला पैसा रोमला सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामाला जायचा, आणि लोक पापाचा पश्चात्ताप करायचं सोडून पत्र विकत घेत होते. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध ९५ मुद्दे मांडले आणि पुढे सगळं युरोप ढवळून निघालं. पण खरं तर धर्मांनी ही पळवाट आधीच बंद केलेली आहे. ज्यूंमध्ये योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास माणसाने देवाविरुद्ध केलेलं पाप धुतो, माणसाविरुद्ध केलेलं त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय धुतलं जात नाही. मुसलमानांमध्येही माणसाचा हक्क मारलेला असेल तर नुसत्या तौबेने भागत नाही, आधी ज्याचं त्याला द्यावं लागतं. येशूने सांगितलं की वेदीवर अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी मिटवून ये. आणि आपल्या धर्मशास्त्रात चोरीचं प्रायश्चित्त सांगितलंय तेही वस्तू मालकाला परत करून मग करायचं. इतके वेगवेगळे लोक, आणि या एका बाबतीत सगळे एकाच जागी उभे आहेत. आपण मात्र नेमकं तेवढंच वाचायचं राहून गेल्यासारखं वागतो.

तुमचं काम इतरांपेक्षा थोडं सोपं आहे, कारण खेड्यातल्या किराणावाल्याकडे उधारीची वही असते. काटा लगेच दुरुस्त करून घ्या, वैध मापनवाल्यांकडून, म्हणजे वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून पडताळून शिक्का मारून घ्या, तो तसाही ठरावीक मुदतीने घ्यावा लागतो. मग वही काढा. कायमची गिऱ्हाइकं कोण, महिन्याला साधारण किती माल नेतात, हे तुम्हाला तोंडपाठ असेल. अचूक आकडा निघणार नाही, पण जवळपासचा निघेल, आणि जिथे शंका येईल तिथे त्यांच्या बाजूने धरा. ज्यांची उधारी बाकी आहे त्यांची तेवढी रक्कम कापा, ज्यांची नाही त्यांना मालात द्या. जे गाव सोडून गेले, वारले, किंवा नावच माहीत नाही, त्यांच्या वाटचं बाजूला काढून गरजूला द्या, तिथे अन्नदान चालेल, पण ते स्वतःच्या पुण्यासाठी नाही तर त्यांच्या वतीने.

लोकांना तोंडाने सांगायचं का हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण तो पत्रात आहेच. सगळ्या गावाला सांगा असं मी घरबसल्या सांगणं बरोबर नाही, दुकानावर तुमचं घर चालतं आणि काटा मारणं हा कायद्यानेही गुन्हा आहे, त्यामुळे पुढे काय होऊ शकतं याचा विचार करून, एखाद्या जाणत्या माणसाशी बोलून ठरवा. पण मुलाला मात्र पूर्ण सांगा, आजोबांचं, तुमचं, सगळं, आणि वहीचा हिशोब त्याला शेजारी बसवूनच करा. सुरुवात रोजंदारीवर जाणाऱ्यांच्या नावांपासून करा, ते पाव-पाव किलो नेतात आणि किलोमागे त्यांचंच सगळ्यात जास्त गेलेलं असतं, कारण छोट्या पुड्यात कागद-पिशवीचं वजनही त्यांच्याच माथी पडतं.